उकळत्या आणि गार पाण्याचा नळ : साताऱ्यातील घरात बसवून घेताना

ओट्याखाली मावणारे आणि ओट्यावरच्या एकाच नळातून उकळते, गार व साधे गाळलेले पाणी देणारे यंत्र आम्ही स्वयंपाकघराचे काम काढले तेव्हा बसवून घेतले. यंत्र चांगले आहे, हे आधीच सांगून टाकते. मात्र ते चांगले चालावे म्हणून घरात ज्या सोयी लागतात, त्यांतील निम्म्यांचा उल्लेख माहितीपत्रकात नसतो, आणि ज्यांचा असतो तो चोवीस तास दाबाने पाणी मिळणाऱ्या शहरातील घर डोळ्यांसमोर ठेवून केलेला असतो. म्हणून या परीक्षणात यंत्राच्या गुणांपेक्षा ते बसवण्याबद्दलच अधिक लिहीत आहे.

यंत्राची रचना समजायला अवघड नाही. ओट्याखाली एका पेटीत चहूबाजूंनी उष्णतारोधक आवरण असलेली स्टीलची टाकी असते, तिच्यात पाणी तापवणारी सुमारे १८०० वॅटची कॉइल असते, शेजारी फ्रीजमध्ये असतो तसा छोटा कॉम्प्रेसर गार पाण्याचे काम पाहतो आणि या सर्वांच्या आधी कार्बनचा फिल्टर असतो. पाणी नळ उघडल्यावर तापत नाही. ते आधीच तापवून ठेवलेले असते, आणि त्यामुळे टाकीत असेल तेवढेच पाणी लगेच मिळते. आमची टाकी अडीच लिटरांच्या आतबाहेरची आहे. एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला ०.०८४ युनिट वीज लागते, म्हणजे सलग दोन लिटर काढले तर पुढच्या उकळत्या पाण्यासाठी साडेपाच-सहा मिनिटे थांबावे लागते. दुकानात दाखवताना एक-दोन पेलेच काढून दाखवतात, त्यामुळे ही गोष्ट तेथे लक्षात येत नाही.

बसवताना पहिला प्रश्न आला तो दाबाचा. या प्रकारच्या यंत्रांना साधारण दोन बार दाब लागतो. गच्चीवरील टाकीतून उतरणाऱ्या पाण्याला दर दहा मीटर उंचीमागे जेमतेम एक बार दाब मिळतो, म्हणजे दोन बारसाठी टाकी सहा-सात मजले उंच असायला हवी. आमच्या एकमजली घरात ओट्यापासून टाकीच्या तळापर्यंतचे अंतर सहा मीटरही भरत नाही. दुकानदाराचे म्हणणे होते की तुमच्याकडे पाणी भरपूर आहे, काही अडचण येणार नाही. परंतु बादली भराभर भरते म्हणून दाब पुरेसा आहे असे होत नाही. शेवटी या एका नळापुरता छोटा प्रेशर पंप लावला, त्याच्यामागे पाणी उलट जाऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह घातला आणि पेलाभर पाण्यासाठी पंप दर वेळी गुरगुरू नये म्हणून पुढे लहानशी प्रेशर टाकी बसवली. हा खर्च यंत्राच्या किमतीत धरलेला नसतो. शिवाय वीज गेली की टाकीतील पाणी बराच वेळ गरम राहत असले, तरी ते वर ढकलायला पंप चालू नसतो. प्रेशर टाकीत उरलेल्या दाबावर दोन-तीन पेले निघतात आणि मग नळ कोरडा पडतो.

विजेचे काम वायरमनने नीट केले. यंत्रासाठी मीटरपासून स्वतंत्र लाइन, स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच), १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच), हे सर्व घेतल्याशिवाय असे यंत्र घरात आणू नये. पाणी आणि वीज एकाच बंद कपाटात राहणार आहेत, तेव्हा अर्थिंग आहे असे गृहीत न धरता ते मोजून घ्यावे. आमच्या जुन्या घरात स्वयंपाकघरातील अर्थिंगची तार पॉइंटपर्यंत पोचलेली होती, पण तेथून जमिनीतील अर्थिंगच्या खड्ड्याकडे जाणारी तार गंजून तुटली होती.

ओट्याखालच्या जागेचा प्रश्न याहून गंभीर आहे, आणि त्याबद्दल मला कोणीही आपणहून काही सांगितले नाही. आपल्याकडे बहुतेक घरांत सिंकशेजारच्याच कप्प्यात गॅसचा सिलिंडर असतो, आणि मधे कडाप्प्याची फळी असली तरी पाइप नेण्यासाठी तिला भोक ठेवलेले असते. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर तो वर न जाता तळाशी साचतो. त्याच तळाशी कॉम्प्रेसर आणि हीटरचे रिले, म्हणजे ठिणगी पाडू शकणारे आपोआप चालणारे स्विच, दिवसभर चालू-बंद होत असतात. आम्ही सिलिंडर घराबाहेरच्या जाळीच्या कपाटात हलवला आणि तांब्याची नळी आत घेतली. ज्यांना हे करणे शक्य नसेल, त्यांनी हे यंत्र सिंकखाली बसवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कॉम्प्रेसरची गरम हवा बाहेर पडण्यासाठी ट्रॉलीच्या दारांना जाळीही लावावी लागते; नाहीतर एका बाजूला पाणी गार करायचे आणि दुसऱ्या बाजूला तेच कपाट तापवायचे, असा उद्योग होऊन बसतो.

ओट्याच्या ग्रॅनाइटला नळासाठी ३५ मिलिमीटरचे होल मारावे लागले. हिऱ्याच्या कटरने, पाणी सोडत सोडत, ते काम झाले. नळ मात्र सिंकच्या कडेला असा बसवून घ्यावा की त्याचे तोंड सिंकच्या मध्यावर येईल, कारण उकळते पाणी साध्या पाण्यासारखे सरळ धारेने पडत नाही; वाफेबरोबर ते फुटून उडते आणि उथळ सिंकमध्ये हातावर येते.

सुरू करण्याच्या दिवशी खरी गंमत झाली. कंपनीचा तंत्रज्ञ पुण्याहून आला होता. पाणी तापू लागले, पण तयार झाल्याचा दिवा काही लागेना. टाकीत खदखद सुरू झाली, नळाच्या तोंडातून वाफेचे फुसकारे येऊ लागले आणि वाफ जाण्याच्या नळीतून सिंकच्या पाइपात थेंब न पडता चक्क धार लागली. तंत्रज्ञाने सेन्सर खराब असल्याचे निदान केले आणि नवा भाग मागवावा लागेल असे सांगून बॅग आवरायला घेतली. आमचे वायरमन तेथेच उभे होते. त्यांनी विचारले, “साहेब, ह्याला लावलंय किती डिग्रीवर?” उत्तर आले, ९८. मग पुस्तिका उघडली, तर शेवटच्या पानांत समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचा तक्ता होता. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटर वर गेले की पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे एका अंशाने खाली येतो. सातारा शहर सुमारे ७४० मीटरवर आहे, म्हणजे येथे पाणी साडेसत्त्याण्णव अंशांच्या आसपासच उकळते आणि कितीही तापवले तरी त्याच्या वर जात नाही. थर्मोस्टॅट ज्या ९८ अंशांची वाट पाहत होता ते येथे येणारच नव्हते, त्यामुळे कॉइल बंद होत नव्हती. पुणे सुमारे ५६० मीटरवर असल्याने तेथे हेच माप अगदी काठावर का होईना चालून जाते, आणि म्हणूनच पुण्यात रोज यंत्रे बसवणाऱ्या माणसाला ही अडचण कधी आली नसावी. माप ९५ वर आणले आणि पाच मिनिटांत दिवा लागला. सेन्सर जुनाच आहे आणि उत्तम चालतो. पाचगणी-महाबळेश्वरकडे कोणी हे यंत्र घेणार असेल, तर तेथे माप ९३ किंवा त्याखालीच ठेवावे लागेल.

नळाच्या तोंडातून अधूनमधून पडणाऱ्या थेंबांबद्दलही येथेच सांगते. तापताना पाणी सुमारे चार टक्के फुगते. अडीच लिटरांत ते शंभर मिलिलिटर होते, आणि आमच्यासारख्या बिनदाबाच्या, म्हणजे वाफेच्या नळीने बाहेर उघडी असलेल्या टाकीत हे जादा पाणी नळातून किंवा वाफेच्या नळीतून बाहेर पडते. ही गळती नव्हे, म्हणून प्लंबरला बोलावून वॉशर बदलण्याच्या फंदात पडू नये.

पाण्याच्या बाबतीत आम्ही नशीबवान आहोत. आमच्या भागाला कास तलावाचे पाणी येते, ते पठारावरच्या पावसाचे असल्याने त्यात क्षार कमी असतात आणि टाकीत पांढरा थर धरत नाही. बोअरचे पाणी वापरणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. आपल्या काळ्या पाषाणातील बोअरचे पाणी बहुधा जड असते, ते तापवले की त्यातील क्षार कॉइलवर बसतात, आणि यंत्रातील कार्बनचा फिल्टर क्लोरीनचा वास घालवत असला तरी क्षार अडवत नाही. अशा घरांनी आधी पाणी मऊ करण्याची सोय करावी, नाहीतर हे यंत्र घेण्याचा विचार सोडून द्यावा. आम्हाला त्रास होतो तो पावसाळ्यात. पाणी गढूळ आले की यंत्रातील महाग फिल्टर लवकर तुंबतो, म्हणून त्याच्या आधी गाळ अडवणारा पाच मायक्रॉनचा साधा स्पन फिल्टर बाहेर लावला आहे. तो शे-दीडशे रुपयांत मिळतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये चहाच्या रंगाचा होऊन निघतो.

आता उपयोगाविषयी. हे यंत्र ज्या देशांत घडले, तेथे कपात चहाची पुडी टाकून वर उकळते पाणी ओततात. आपला चहा आले, साखर, दूध घालून गॅसवर उकळावाच लागतो, त्यामुळे चहासाठी म्हणून हा नळ घेणाऱ्याची निराशा होईल. मोदकांची उकडही नळाच्या पाण्यावर होत नाही. त्यासाठी पातेल्यात आधण खळखळत असावे लागते. पण रश्शाला या नळासारखी सोय नाही. मसाला परतून तेल सुटल्यावर गार पाणी घातले की सगळे थंडावते आणि तवंग मनासारखा येत नाही. येथे पातेले नळाखाली धरले की आधणाचे पाणी त्याच क्षणी मिळते. ज्वारीचे पीठ जुने होऊन त्याची विरी गेली असेल, तर उकळत्या पाण्यात मळलेली भाकरी थापताना चिरत नाही, आणि त्यासाठी रोज वेगळे पातेले चढवण्याचे काम वाचले. आमटी घट्ट झाली, तुपाचे भांडे धुवायचे आहे, सासूबाईंना पहाटे गरम पाणी हवे आहे, अशा वेळी दिवसातून कितीदा तरी हात त्या नळाकडे जातो. उकळत्या पाण्याची कळ आधी दाबून मगच फिरवावी लागते, त्यामुळे लहान मुलांच्या हातून ती चुकून उघडत नाही.

गार पाण्याच्या निम्म्या भागाबद्दल मात्र मी इतकी समाधानी नाही. पाणी सहा-सात अंशांपर्यंत गार होते, चवीला स्वच्छ लागते आणि एप्रिल-मेमध्ये पाहुणे आले की फ्रीजमधील बाटल्यांची ओढाताण होत नाही. तरीही घरातील मोठ्या माणसांचा ओढा माठाकडेच आहे. “त्यानं घसा धरतो गं, माठातलंच दे,” असे सासूबाई म्हणतात, आणि दिवाळीपासून होळीपर्यंत हा भाग बंदच ठेवावा लागतो. या कॉम्प्रेसरमुळे पेटी मोठी होते, कपाट तापते आणि किंमत वाढते.

किमतीबद्दल इतकेच सांगते की पंपासह जेवढी रक्कम लागली, तेवढ्यात चांगला फ्रीज, गिझर, पाणी शुद्ध करणारे यंत्र आणि विजेची किटली हे सर्व येऊन वर पैसे उरले असते. १५०० वॅटची किटली एक लिटर पाणी साडेतीन-चार मिनिटांत उकळते, आणि दोघांच्या घराला तेवढे पुरेसे आहे. टाकी नुसती तापती ठेवण्यासाठी दिवसाला पाऊण ते एक युनिट वीज जाते, म्हणून रात्रीच्या टायमरचा उपयोग करावा. ज्या घरात पाच-सहा माणसे आहेत, दोन वेळचा स्वयंपाक होतो आणि कोणी ना कोणी दिवसभर घरी असते, तेथेच हा खर्च शोभतो. त्यांनीही घेताना केवळ उकळत्या व साध्या पाण्याचे मॉडेल आहे का, याची आधी चौकशी करावी, दुरुस्तीला येणारा माणूस साताऱ्यातलाच आहे की बाहेरून येतो हे विचारावे, आणि फिल्टरची किंमत पावतीच्या मागे लिहून घ्यावी.