एलआयसी की खाजगी: एजंटने आयुर्विमा कंपनी कशी पारखावी

कायद्याने एका एजंटला आयुर्विम्याची एकच कंपनी धरता येते. सोबत सर्वसाधारण विम्याची एक आणि आरोग्य विम्याची एक चालते, पण आयुर्विम्यात दुसरी नाही. म्हणून तुलना एजन्सीचा कोड (कंपनीने एजंटला दिलेला क्रमांक) घेण्याआधीच करावी लागते. नंतर कंपनी बदलायची तर आधी राजीनामा द्यायचा, जुन्या कंपनीकडून सेसेशन सर्टिफिकेट, म्हणजे एजन्सी संपल्याचा दाखला, मिळवायचं आणि त्या तारखेपासून ९० दिवस थांबायचं. तोवर नवीन नेमणूक नाही, म्हणजे नवा धंदाही नाही.

नवे एजंट पहिला प्रश्न विचारतात तो पहिल्या वर्षीच्या टक्क्याचा. आमच्या मते तो शेवटी विचारावा. आधी पाहावं ते चौथ्या-पाचव्या वर्षी ग्राहकाचा हप्ता चुकला, बँक खातं बदललं किंवा माणूस गेला, तर कंपनी कागद कसे हाताळते. घरी लोक कंपनीला नाही, एजंटला बोलावतात.

तरी कमिशनचा हिशेब आधी संपवू, कारण तो बदलला आहे. एलआयसीच्या दीर्घ मुदतीच्या पारंपरिक (बाजाराशी न जोडलेल्या, बचतीच्या) पॉलिसीवर पूर्वी बोनस कमिशन धरून पहिल्या वर्षी ३५ टक्के, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी साडेसात आणि पुढे ५ टक्के मिळायचे. १ ऑक्टोबर २०२४ पासून पहिल्या वर्षीचे २८ झाले आणि नंतरचे ५ चे साडेसात. यावर एजंटांनी मोठा विरोध केला, आणि ज्याची कमाई नव्या पॉलिसींवरच चालते त्याला फटका खरोखर बसला. पण १५ वर्षं टिकणाऱ्या ५० हजारांच्या वार्षिक हप्त्याचं गणित मांडून बघा. जुन्या दराने १७,५०० अधिक ७,५०० अधिक ३०,०००, म्हणजे ५५,०००. नव्या दराने १४,००० अधिक ५२,५००, म्हणजे ६६,५००. सहाव्या वर्षी नवा दर जुन्याच्या पुढे जातो. ज्याच्या पॉलिसी तिसऱ्या वर्षीच बंद पडतात तो तोट्यात, ज्याच्या चालू राहतात तो फायद्यात. यात काही चुकीचं आहे असं आम्हाला वाटत नाही. त्याच वेळी लहान पॉलिसींची किमान विमा रक्कम १ लाखावरून २ लाखांवर गेली. तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्याला खरी अडचण तिथे आहे: भाजीवाल्याचा, रोजंदारीवाल्याचा हप्ता त्यात बसत नाही.

खाजगी कंपन्यांचा एकच दर सांगता येत नाही. १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक प्रकारच्या पॉलिसीवरची स्वतंत्र कमाल मर्यादा गेली. आता कंपनीचं संचालक मंडळ, एकूण खर्चाच्या मर्यादेत राहून, दर ठरवतं. म्हणून सेल्स मॅनेजर तोंडी सांगतो तो आकडा धरू नका. प्लॅननिहाय तक्ता लेखी मागा आणि त्यात चार गोष्टी शोधा: दुसऱ्या वर्षापासूनचा दर, हप्ते भरण्याच्या मुदतीनुसार (५, ७, १०, १२ वर्षं) होणारा फरक, फ्री लूकमध्ये (न पटलेली पॉलिसी परत करण्याच्या मुदतीत) किंवा लवकर सरेंडर झाल्यास, म्हणजे ग्राहकाने पॉलिसी मोडल्यास, कमिशन परत घेण्याचं कलम, आणि एजन्सी सुटल्यावर जुन्या पॉलिसींचं कमिशन चालू राहतं की नाही. फ्री लूक आता ३० दिवसांचा आहे, त्यामुळे मार्च महिन्यात घाईने लिहिलेली पॉलिसी एप्रिलमध्ये परत येते आणि कमिशन वजा होतं.

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही. ग्राहकासाठी हे चांगलंच आहे. पण त्यासोबत कंपनीला मिळणारं इनपुट क्रेडिटही (स्वतःच्या खर्चावर भरलेल्या जीएसटीची वजावट) गेलं, आणि काही कंपन्यांनी तो भार कमिशनवर टाकला. तक्त्यातला टक्का कर धरून आहे की कराशिवाय, हे म्हणून विचारायलाच हवं. कमिशनवरचा टीडीएस सध्या वर्षाला २० हजारांच्या पुढे २ टक्के आहे. पॅन जोडलेला नसेल तर जास्त कापला जातो.

कमाईच्या बाबतीत एलआयसीचं पारडं जड आहे ते वारसा कमिशनमुळे. ठरलेल्या अटी पूर्ण केलेल्या एजंटच्या मृत्यूनंतर वारसाला पुढच्या हप्त्यांवरचं कमिशन मिळत राहतं. ग्रॅच्युइटी आहे, तिची मर्यादा २०२३ मध्ये ३ लाखांवरून ५ लाख झाली. उलट बाजूला वर्षाला किमान १२ वेगवेगळ्या माणसांचा विमा आणि १ लाखाचा पहिला हप्ता ही अट आहे. ती चुकली तर एजन्सीच धोक्यात येते.

आता कागद. एलआयसीचं आनंदा ॲप २०२० पासून आहे. आधार ओटीपीवर केवायसी होते आणि मेडिकल नसलेला साधा प्रस्ताव शाखेत न जाता पूर्ण होतो. खाजगी कंपन्या इथे अजूनही सरस आहेत: ग्राहकाला लिंक जाते, तो फोनवरच संमती देतो, पडताळणीचा कॉल किंवा व्हिडिओ होतो, हप्ता तिथेच भरला जातो. पण फाइल अडकते ती बहुतेक वेळा ॲपमुळे नाही, नावामुळे. आधारवर "नाव, वडिलांचं नाव, आडनाव", पॅनवर आडनाव आधी, बँकेत फक्त आद्याक्षरं. लग्नानंतर नाव बदललेल्या बाईचा पॅन माहेरच्या नावाचा. जन्मतारखेचंही तेच. गावाकडे असंख्य लोकांची शाळेतली तारीख १ जून आहे, आणि आधारवर नुसतं साल असतं किंवा तिसरीच तारीख. प्रस्ताव भरण्याआधी आधार, पॅन आणि पासबुक शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवलं तर निम्म्या क्वेरी येतच नाहीत. फरक असेल तर आधी आधार दुरुस्त करून घ्या. प्रतिज्ञापत्र जोडून रेटलेली फाइल दाव्याच्या वेळी पुन्हा उघडते.

टर्म इन्शुरन्समध्ये, म्हणजे फक्त मृत्यू झाल्यास रक्कम देणाऱ्या विम्यात, दुसरा अडथळा उत्पन्नाचा. नोकरदाराला पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६ आणि बँक स्टेटमेंट पुरतं. धंदेवाल्याकडे दोन-तीन वर्षांची रिटर्न्स मागतात, आणि ती शेवटच्या महिन्यात एकदम भरलेली दिसली की अंडररायटर (प्रस्तावाची जोखीम तपासणारा कंपनीचा माणूस) थांबतो. ज्याने रिटर्नमध्ये उत्पन्न कमी दाखवलं आहे त्याला एक कोटीचं कव्हर मिळेल असं वचन देऊ नका. कर्जदार व्यापाऱ्याची पॉलिसी विवाहित स्त्री मालमत्ता कायद्याखाली (ज्यात रक्कम बायको-मुलांचीच राहते, सावकाराला मिळत नाही) घ्यायची असेल तर तो फॉर्म प्रस्तावासोबतच द्यावा लागतो, नंतर जोडता येत नाही.

वेगाबद्दल नियम सगळ्यांना सारखेच आहेत. प्रस्तावावर ७ दिवसांत निर्णय किंवा जादा कागदांची मागणी, मंजुरीनंतर १५ दिवसांत पॉलिसीची प्रत. मार्च २०२५ पासून बीमा-अस्बा या सोयीमध्ये पहिला हप्ता यूपीआयवर फक्त अडवून ठेवता येतो आणि प्रस्ताव मंजूर झाल्यावरच कापला जातो. नाकारला तर परताव्याची वाट बघावी लागत नाही. उशीर होतो तो मेडिकलमध्ये. रक्ताच्या तपासणीला ग्राहक उपाशी नव्हता, लघवीचा नमुना कमी पडला, ईसीजीवर सही नाही, की पुन्हा बोलावणं आलं. मेडिकल सकाळी ८ ला ठेवा आणि आदल्या रात्री फोन करा. तंबाखू लपवू नका. कोटिनिन (शरीरातला निकोटिनचा अंश) तपासणीत ती सापडते आणि मग वाढीव हप्त्याची काउंटर ऑफर येते, जी ग्राहकाला एजंटची फसवणूक वाटते.

हप्ता चुकल्यावर खाजगी कंपनीत बरंचसं काम ॲपवर होतं. एलआयसीत उशीर जास्त असेल तर फॉर्म ६८०, म्हणजे आरोग्याचं निवेदन, आणि गरजेनुसार मेडिकल लागतं. शाखा शनिवारी बंद असते हे ग्राहकाला आधीच सांगा. पुनरुज्जीवनाबाबत, म्हणजे बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू करण्याबाबत, एक गोष्ट अनेक एजंट सांगत नाहीत, आणि ती सांगायलाच हवी: विमा कायद्याच्या कलम ४५ ची तीन वर्षं, ज्यांच्यानंतर कंपनीला पॉलिसीवर आक्षेप घेता येत नाही, पुनरुज्जीवनाच्या तारखेपासून नव्याने मोजली जातात. त्या काळात मृत्यू झाला तर कंपनी जुनी कागदपत्रं तपासू शकते.

दाव्यात एलआयसीची पद्धत जुनी आहे, पण ठरलेली आहे. तीन वर्षांनंतरच्या साध्या मृत्यूदाव्याला दावेदाराचा फॉर्म, मूळ पॉलिसी बाँड, मृत्यूचा दाखला, वारसाची ओळख आणि रद्द केलेला चेक एवढंच लागतं. तीन वर्षांच्या आतला असेल तर फॉर्म ३७८४ वर डॉक्टरचा दाखला, ३८१६ वर हॉस्पिटलचा, ३७८५ वर अंत्यविधीचा, आणि नोकरी असेल तर ३७८७ वर मालकाचा. अपघातात एफआयआर, पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल. हॉस्पिटलचा फॉर्म सर्वात जास्त रखडतो. डिस्चार्ज समरीची प्रत कुटुंबाकडून त्याच आठवड्यात घ्या. चौकशी नसलेला दावा १५ दिवसांत आणि चौकशीचा ४५ दिवसांत निकाली काढण्याचा नियम खाजगी कंपन्यांनाही आहे. उशीर झाला तर बँक दर अधिक २ टक्के व्याज मिळतं, ते मागा.

आमचा कौल असा. तालुक्यात, पारंपरिक पॉलिसी विकणाऱ्याने एलआयसी धरावी. २,०४८ शाखा आणि कायद्यातली सरकारी हमी तिथे खरोखर उपयोगी पडते. पुणे-ठाण्यात नोकरदारांना टर्म विकणाऱ्याने खाजगी कंपनी बघावी. मात्र एचडीएफसी लाइफ, एसबीआय लाइफ, आयसीआयसीआय प्रुडेन्शियल किंवा अ‍ॅक्सिस मॅक्सचा कोड घेताना त्यांच्याच बँकेची शाखा तुमच्या गल्लीत तीच पॉलिसी विकते हे ध्यानात ठेवा, आणि बँकेच्या ग्राहकाची पॉलिसी लिहिली तर ती कोणाच्या कोडवर चढते ते लेखी विचारा.

पहिला हप्ता स्वतःच्या खिशातून भरून पॉलिसी लिहिणाऱ्यांसाठी: विमा कायद्याच्या कलम ४१ खाली, जे ग्राहकाला हप्त्यात सूट देण्यावर बंदी घालतं, दंड १० लाखांपर्यंत आहे, आणि अशी पॉलिसी दुसऱ्या वर्षी कोणी भरत नाही.