जुना भरतकामाचा ड्रेस: मण्यांचा रेशमी घ्यावा की दोऱ्याचा सुती?

हाताने भरलेला जुना ड्रेस शोधताना निवड बऱ्याचदा दोघांत अडकते: १९२० च्या दशकातला मणीकामाचा रेशमी, नाहीतर १९५० च्या आसपासचा रंगीत दोऱ्याने भरलेला सुती. देखणेपणात पहिला सरस, वादच नाही. पण घालून मिरवायचं असेल, तर माझं मत सुतीला.

रेशमी ड्रेसची शिवण अगदी साधी: सरळ कट, कंबर खाली उतरलेली, पुष्कळदा हूक-बटणही नाही, डोक्यावरून चढवायचा. सगळी करामत वरच्या कामात. जॉर्जेट किंवा शिफॉन चौकटीवर ताणून, आरीने, म्हणजे आकड्यासारख्या टोकाच्या सुईने, साखळी टाका घालत मणी बसवलेले असतात. आतून उलटा करून बघा, साखळीच्या रांगा दिसतील. तिचं शेवटचं टोक सुटलं की मणी भराभर ओघळतात. त्यात काचेच्या मण्यांचं सगळं ओझं विरविरीत कापडाच्या दोन खांद्यांवर, म्हणून हा ड्रेस टांगायचा नाही, आडवाच ठेवायचा. टिकल्या जिलेटिनच्या असल्या तर घाम आणि वाफ दोन्ही वैरी. इस्त्री लांबच ठेवा. शिवाय त्या काळी रेशमाला वजन यावं म्हणून कथलाचे क्षार चढवत. असं रेशीम कालांतराने आपोआप चिरतं, आणि चिरायला लागलं की रफूही धरत नाही. उजेडासमोर धरून बारीक उभ्या-आडव्या चिरा दिसल्या, तर मोह आवरा.

सुती ड्रेसला कमरेची शिवण, चुण्या, कुशीला धातूची चेन. ताण बऱ्याच शिवणींत वाटला जातो. शिवणीत माया, म्हणजे आत सोडलेलं जादा कापड, असेल तर थोडा सैलही करता येतो. भरीव टाक्याचे लांब धागे अंगठीत अडकतात खरे, पण त्या रंगाचा दोरा आणून पाकळी पुन्हा भरता येते. धुण्याआधी लाल-काळ्या दोऱ्यावर ओलं पांढरं फडकं दाबून बघा, रंग उतरला तर पाण्यात घालू नका.

काम हाताचंच आहे ना? दोऱ्याच्या कामात उलट बाजूला एका फुलावरून दुसऱ्याकडे गेलेला धागा, दडवलेली टोकं दिसतात, पाकळ्याही तंतोतंत सारख्या नसतात. यंत्राच्या कामाला खालून बहुधा वेगळाच बॉबिनचा दोरा असतो. नुसत्या साखळी टाक्यावर मात्र विसंबू नका. तो घालणारी यंत्रं एकोणिसाव्या शतकापासून आहेत.

एखाद-दुसऱ्या समारंभापुरताच हवा असेल आणि रेशीम धड असेल, तर मण्यांचा जरूर घ्या. फक्त बसण्याआधी मागची बाजू सावरून घ्यायची सवय लावा, कारण मणी सर्वांत आधी तिथेच फुटतात.