रुंद आणि एक साइज मोठे रनिंग शूज: नखं जाणं थांबल्यानंतरचा अनुभव

रनिंग करणाऱ्यांमध्ये पळून पळून काळ्या पडलेल्या पायाच्या नखाचं फार कौतुक असतं, "आता खरी रनर झालीस" वगैरे. मला हे अजिबात पटत नाही. नख गेलं याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच की शूज पायाला बसत नव्हते, आणि ते टाळता येतं. म्हणून सविस्तर लिहितेय, खास करून बायकांसाठी.

माझे आधीचे शूज लेडीज यूके ६. दुकानात घालून बघितले तेव्हा एकदम फिट, सपाट रस्त्यावर दहा किमीपर्यंत काही त्रास नाही. मग सातारा हिल हाफ मॅरेथॉनची तयारी सुरू केली आणि यवतेश्वर घाटात सराव सुरू झाला. त्या रेसची भीती सगळ्यांना चढाची असते, पण घाट चढून झाला की तोच घाट उतरायचा असतो आणि नखं जातात ती उतरताना. उतारावर पाय शूजच्या आत पुढे सरकतो, प्रत्येक पावलाला नखाची कड पुढे आपटते, हे हजारो वेळा होतं, त्यात तास-दीड तास पळून पाय सुजलेला असतो म्हणजे असलेली जागाही कमी झालेली, मग नखाखाली रक्त साकळतं. माझे दोन्ही अंगठे आधी ठणकायला लागले, मग जांभळे, मग काळे झाले आणि काही आठवड्यांनी एक नख मोज्यातच निघून आलं.

आमच्या ग्रुपमध्ये एक काका आहेत, खूप वर्षं पळतायत. ते म्हणाले, "अगं शूज नको दाखवूस, आतलं इनसोल काढून दाखव." (इनसोल म्हणजे शूजच्या आतली सुटी गादी.) काढलं तर त्यावर बोटांचे काळपट ठसे उमटलेले होतेच, अंगठ्याचा ठसा अगदी कडेला टेकलेला आणि करंगळीचा अर्धाच, उरलेली अर्धी करंगळी इनसोलच्या बाहेर शूजच्या भिंतीवर दाबली जात होती. शूजमध्ये हात घालून बघितलं तर अंगठ्याच्या वरचं अस्तर झिजून पार विरलेलं. इतकं स्पष्ट दिसत होतं सगळं! तुमचे जुने शूज घरात असतील तर आत्ता काढून बघा.

म्हणजे लांबी कमी होती आणि रुंदी पण. लांबीचं सगळेच सांगतात, रुंदीचं दुकानात कोणी विचारत सुद्धा नाही. लेडीज शूजची नॉर्मल विड्थ 'बी' असते, जेन्ट्सची 'डी'. बायकांमध्ये 'डी' म्हणजे वाइड. असिक्स, ब्रूक्स, न्यू बॅलन्स हे लोक वाइड बनवतात, पण आपल्याकडे दुकानात लेडीज वाइड मिळणं मुश्कील, त्यामुळे चवडा रुंद असेल तर सरळ जेन्ट्स सेक्शनमध्ये जायचं. मी तेच केलं, जेन्ट्स यूके ७, नॉर्मल विड्थ. यूकेमध्ये एका साइजचा फरक साधारण साडेआठ मिमी, अर्ध्या साइजचा चार मिमीच्या आसपास, आणि हे चार मिमी उतारावर फार मोठे असतात. (मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाहीये, माझा पाय आणि तुमचा पाय वेगळा.)

ट्राय करायला संध्याकाळी गेले, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो, आणि पळायचे मोजे घेऊन गेले. इनसोल बाहेर काढून त्यावर उभी राहिले, पायाच्या सगळ्यात लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहिली पाहिजे. हे बोट अंगठाच असेल असं नाही, बऱ्याच जणांचं दुसरं बोट लांब असतं. आणि एक पाय मोठा असतो, माप त्याचं घ्यायचं.

आता बरेच महिने झालेत. लाँग रन झाले, सिंहगड उतरून झाला, धो धो पावसात पळून झालं, एकही नवीन नख काळं नाही. पहिले काही दिवस टाच मात्र वर-खाली सरकायची. त्यावर उपाय म्हणजे लेसचं सगळ्यात वरचं ते जादाचं भोक, जे कोणी वापरत नाही. लेस त्याच बाजूच्या भोकातून घालून छोटी कडी करायची, समोरची लेस त्या कडीतून ओवायची आणि मग बांधायचं. टाच जागेवर बसते आणि बोटं मोकळी राहतात. लेस नुसती करकचून आवळून हे होत नाही, उलट पाय वरून दुखतो. शूज दिसायला जरा बोजड आहेत आणि पावसात जाळी पटकन भिजते, हे दोन मायनस. सुती मोजे मात्र कायमचे बंद केले, ओले झाले की फोड येतात.

गेलेल्या नखाचं काय, तर पेशन्स ठेवा. पायाचं नख महिन्याला दीड मिमीच्या आसपास वाढतं, अंगठ्याचं पूर्ण यायला वर्ष-दीड वर्ष लागतं. माझं अजून अर्धवट आहे, जाडसर आणि रेघारेघांचं. जुनं नख हलायला लागलं तरी ओढून काढू नका, टेप लावून ठेवा, खालचं तयार झालं की आपोआप सुटतं. नखं आडवी सरळ कापा. पहिल्या एक-दोन दिवसांत असह्य ठणका असेल तर डॉक्टरकडे जा, ते नखाला बारीक भोक पाडून रक्त काढतात, घरी सुईने हा उद्योग नको. शुगर असणाऱ्यांनी तर लगेच दाखवावं. आणि मार न लागता काळी रेघ आली किंवा नख वाढतंय तरी डाग पुढे सरकत नाही असं दिसलं तर स्किनच्या डॉक्टरला दाखवायचंच, ते रनिंगचं नसू शकतं.

पुढची जोडी यातलीच घ्यायचा विचार आहे, पण नवीन व्हर्जनला पुढचा शेप बदलतात, त्यामुळे ऑनलाइन स्वस्त दिसले तरी आधी दुकानात इनसोल काढून बघणार आणि मगच घेणार.