सेगर फ्लॅशर आर्म: प्रोग्रॅमिंग चोख, कॅलिब्रेशनची आखणी मात्र आपलीच

सर्किट बोर्डांच्या उत्पादनात मायक्रोकंट्रोलर (बोर्ड चालवणारी छोटी संगणक-चिप) प्रोग्रॅम करण्यासाठी सेगर कंपनीचा फ्लॅशर आर्म हा प्रोग्रॅमर घ्यावा, असे मी निःसंकोचपणे सांगेन. मात्र त्याच्याच जोडीने कॅलिब्रेशनही, म्हणजे प्रत्येक बोर्डाच्या मापनातली चूक शोधून ती सुधारणारी मूल्ये नोंदवणेही, उरकायचे असेल, तर जिगची, म्हणजे बोर्ड धरून त्याला जोडण्या देणाऱ्या साच्याची, आखणी आधी नीट करावी लागते.

या उपकरणाचा मोठा गुण असा की उत्पादनाच्या वेळी त्याला संगणक लागत नाही. जे-फ्लॅश या सॉफ्टवेअरमधून फर्मवेअर (चिपमध्ये चालणारा प्रोग्रॅम) आणि त्याची मांडणी एकदा त्याच्या मेमरीत उतरवली, की ऑपरेटरने बोर्ड पोगो पिनांवर (स्प्रिंग असलेल्या संपर्क-पिनांवर) बसवायचा आणि बटण दाबायचे, एवढेच काम उरते. पुसणे, लिहिणे आणि पडताळणे फ्लॅशर स्वतः करतो व निकाल दिव्यांवरून कळतो. प्रत्येक बोर्डाला वेगळा अनुक्रमांक देण्याची सोयही त्यात आहे. बोर्ड दुरुस्तीसाठी परत आला की या क्रमांकाचे मोल कळते.

पण फ्लॅशर लिहितो, मोजत नाही. एसटीएम३२ या मायक्रोकंट्रोलरच्या अनेक मालिकांत अंतर्गत संदर्भ-व्होल्टेजचे कॅलिब्रेशन-मूल्य कारखान्यातच चिपमध्ये नोंदवलेले असते. परंतु बोर्डावरच्या व्होल्टेज डिव्हायडरचा (मोजायचे व्होल्टेज कमी करून चिपला देणाऱ्या दोन रेझिस्टरांच्या जोडीचा) त्यात विचार नसतो. १ टक्का टॉलरन्सचे (छापील मूल्यापासून तेवढी तफावत चालणारे) दोन रेझिस्टर विरुद्ध दिशांना सरकले, तर मापनात जवळजवळ २ टक्क्यांपर्यंत तफावत पडू शकते आणि ती प्रत्येक बोर्डाची निराळी असते. म्हणून दोन ज्ञात व्होल्टेज देऊन बोर्डाचे वाचन घ्यावे लागते, त्यावरून गेन (गुणायचा आकडा) व ऑफसेट (मिळवायचा आकडा) काढावे लागतात आणि ते फ्लॅशमध्ये, म्हणजे चिपच्या कायम मेमरीत, लिहावे लागतात.

येथे फ्लॅशरचे सिरियल पोर्टवरून चालणारे नियंत्रण फार उपयोगी पडते. पहिल्या फेरीत चाचणीचे फर्मवेअर चढवून मापन घ्यावे आणि दुसऱ्या फेरीत अंतिम फर्मवेअर लिहिताना त्या बोर्डाची मूल्ये आज्ञेसोबत पाठवावीत, ही पद्धत मला सर्वांत स्वच्छ वाटते. वेळ जास्त लागतो हे खरे, पण चाचणीचा कोड विक्रीच्या बोर्डात राहत नाही.

सर्वांत जपायचे ते क्रमाला. एसटीएम३२ वर वाचन-संरक्षणाची (बाहेरून फ्लॅश वाचू न देणाऱ्या कुलपाची) पातळी १ लावल्यानंतर पुन्हा शून्यावर आणली, तर मुख्य फ्लॅश संपूर्ण पुसली जाते आणि तिच्यातले कॅलिब्रेशनही जाते. पातळी २ तर सहसा कायमचीच असते. त्यामुळे मूल्ये लिहून झाल्यावर, अगदी शेवटी कुलूप लावावे. ही मूल्ये फर्मवेअरपासून फ्लॅशच्या वेगळ्या पेजवर (एकदम पुसल्या जाणाऱ्या भागात) ठेवावीत, म्हणजे पुढे कुलूप न काढता फर्मवेअर बदलताना ती पुसली जाणार नाहीत. कुलूप लावल्यावर बोर्डाचा वीजपुरवठा तोडून पुन्हा जोडावा आणि कॅलिब्रेशनसाठी न वापरलेले तिसरे व्होल्टेज देऊन वाचन तपासावे, कारण मूल्ये चुकीच्या पत्त्यावर लिहिली गेली असतील, तर ते इथेच उघडकीस येते.