५ गिगाबिटचं नेटवर्क कार्ड (आरटीएल८१२६ चिप): डेबियन १२ च्या घरच्या सर्व्हरसाठी घ्यावं का?

पंचवटीत आमचं फोटो-व्हिडिओचं काम आहे. २०१५ च्या सिंहस्थात रामकुंडावर केलेलं शूटिंग आणि त्यानंतरची सगळी लग्नं घरच्या सर्व्हरवर आहेत. सर्व्हर म्हणजे जुना डेस्कटॉप, त्यावर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार). २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आलाय आणि गिगाबिट लाइनवर सेकंदाला ११०-११५ एमबीच्या वर काही सरकत नाही. म्हणून कॅनडा कॉर्नरच्या एका दुकानातून ५ गिगाबिटची दोन कार्डं आणली, एक सर्व्हरला, एक एडिटिंगच्या मशीनला. दोन्ही मिळून पाच हजारांच्या आत बसली.

विंडोजवर ड्रायव्हर टाकला की काम झालं. सर्व्हरचं तसं नाही. डब्यावर ‘लिनक्स’ छापलंय, पण कर्नलच्या (म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या) कुठल्या आवृत्तीपासून ते छापलेलं नाही, आणि ग्राहकाला नेमकं तेच हवं असतं. एलएसपीसीआयमध्ये (बसवलेल्या कार्डांची यादी देणारी कमांड) कार्ड नीट दिसतं, १०ईसी:८१२६ या आयडीसकट. आयपी लिंकमध्ये (चालू शकणाऱ्या नेटवर्क इंटरफेसची यादी) मात्र त्याचा पत्ता नाही. कार्डात खोट नाही. डेबियन १२ सोबत कर्नल ६.१ येतं आणि या चिपचा सपोर्ट कर्नलमधल्याच आर८१६९ ड्रायव्हरमध्ये आला ६.९ पासून.

आता दोन रस्ते उरतात. चिप बनवणारी रिअलटेक आर८१२६ नावाच्या स्वतःच्या ड्रायव्हरचा सोर्स देते, तो कंपाइल करून डीकेएमएसला (नवं कर्नल आलं की ड्रायव्हर आपोआप पुन्हा बनवणारी सोय) जोडायचा. चालतं, पण माझं मत विचाराल तर घरच्या सर्व्हरला हा रस्ता नको. कर्नल अपडेट झालं आणि त्याच्या जोडीचे हेडर्स (ड्रायव्हर बनवायला लागणाऱ्या फाइली) आले नाहीत, तर मॉड्यूल (म्हणजे तो ड्रायव्हर) बनत नाही आणि रीबूटनंतर कार्ड गायब. सिक्युअर बूट (सही नसलेलं कर्नल किंवा मॉड्यूल अडवणारी सोय) चालू असेल तर मॉड्यूलवर सही करण्याचं काम वेगळंच. ज्या मशीनला मॉनिटर नाही, तिथे हा घोर कशाला?

मी दुसरा रस्ता धरला: बुकवर्म-बॅकपोर्ट्समधून (डेबियन १२ साठी नव्या आवृत्त्या देणारा डेबियनचाच साठा) नवं कर्नल घेतलं, सोबत तिथलंच फर्मवेअर-रिअलटेक पॅकेज, आणि रीबूट केलं. कार्ड लगेच उठलं. हे कर्नल डेबियननेच सही केलेलं असतं, त्यामुळे सिक्युअर बूटला हात लावावा लागला नाही. ज्यांच्याकडे डेबियन १३ आहे त्यांना यातलं काहीच करायचं नाही, त्यात ६.१२ आहे.

पण खरी मेख स्लॉटमध्ये आहे, आणि तिच्याबद्दल दुकानात कोणी बोलत नाही. आमच्या जुन्या बोर्डवरचे छोटे पीसीआय एक्स्प्रेस स्लॉट दुसऱ्या पिढीचे आहेत. तिथे एका लेनवर (डेटाच्या एका वाटेवर) हिशोबानेच ४ गिगाबिट मिळतात, म्हणजे ५ गिगाबिटचं कार्ड तिथे अडणारच. आयपर्फ (नेटवर्कचा वेग मोजणारं टूल) साडेतीन गिगाबिटच्या आसपास थांबत होतं. तेच कार्ड ग्राफिक्स कार्डाच्या लांब स्लॉटमध्ये बसवलं, लिंक तिसऱ्या पिढीच्या वेगावर गेली आणि आकडा ४.७ वर स्थिरावला. तो बघून फार बरं वाटलं. एक लक्षात ठेवा: स्लॉट बदलला की इंटरफेसचं नावही बदलतं. आमचं ईएनपी३एस० होतं, ते ईएनपी१एस० झालं. नेटवर्कच्या फाइलमध्ये नवं नाव घातल्याशिवाय आयपी मिळत नाही. त्यासाठीच बोर्डवरचं गिगाबिट पोर्ट मी राउटरला जोडलेलंच ठेवलंय. नवं कार्ड रुसलं तरी एसएसएचने (दुसऱ्या मशीनवरून) आत जाता येतं.

५ गिगाबिटचा स्विच घेतला नाही. दोन्ही मशीन एका कॅट ६ केबलने थेट जोडली, दोन्हीकडे एकाच, पण राउटरपेक्षा वेगळ्या सबनेटचे (पत्त्यांच्या गटाचे) स्थिर आयपी दिले. क्रॉसओव्हर केबल लागत नाही. फक्त एवढ्या वेगाला डिस्कही तशी हवी. फिरणारी एक हार्ड डिस्क सेकंदाला साधारण २०० एमबी देते, तेवढ्यासाठी २.५ गिगाबिटचं कार्ड पुरे. आम्ही चालू कामाचं फुटेज साटा एसएसडीवर ठेवतो, तिथून ५०० च्या आसपास मिळतात आणि टाइमलाइन सर्व्हरवरूनच उघडते. आधी प्रत्येक लग्न कॉपी करून घ्यावं लागायचं.

कार्डाला पाचपैकी चार तारे, एक तारा त्या अर्धवट डब्याचा कापला. दुकानात वेग विचारू नका, चिपचा नंबर विचारा, आणि घरून निघण्याआधी ‘युनेम -आर’ चालवून आपलं कर्नल कुठलं ते बघून घ्या.