विमा एजंटची परीक्षा आणि त्यानंतरचं वर्ष: माझा अनुभव

विमा एजंटची परीक्षा दिली त्याला आता वर्ष होत आलं. कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली आणि पलीकडे ठाण्यात नौपाडा, वर्तकनगर या भागांत मी आयुर्विमा आणि आरोग्य विमा या दोन्हींचं काम करते. परीक्षा कशी पास व्हायची हे सांगणारे व्हिडिओ ढिगाने आहेत. पास झाल्यावर त्यातलं कामाला काय येतं, हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं. तेवढ्यासाठी हे लिहिते आहे.

प्रक्रिया थोडक्यात. पूर्वी विमा नियामक, म्हणजे आयआरडीएआय, एजंटला तीन वर्षांचा परवाना देत असे. २०१५ साली विमा कायदा बदलला आणि नेमणूक करण्याचा अधिकार विमा कंपन्यांकडे गेला. म्हणजे आधी कंपनी निवडायची, तिच्यामार्फत अर्ज करायचा, ट्रेनिंग पूर्ण करायचं, आयसी-३८ ही परीक्षा द्यायची आणि मग कंपनीकडून नेमणूकपत्र आणि एजन्सी कोड घ्यायचा. वय १८ पूर्ण, दहावी पास आणि पॅन कार्ड असलं की अर्ज करता येतो. परीक्षेत ५० प्रश्न, वेळ एक तास, पासिंग ३५ टक्के, चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत. मराठीतून देता येते, मी मराठीतूनच दिली.

लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी एक गोष्ट आधी करावी. दहावीच्या मार्कशीटवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं आणि पॅनवर तिसरंच काहीतरी, असं आपल्याकडे घरोघरी असतं. अर्ज तिथेच अडकतो. विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद हाताशी ठेवा, आणि पॅन-आधारवरचं नाव एकसारखं करून मगच फॉर्म भरा. माझ्या बॅचमधल्या दोघीजणी केवळ यामुळे मागे राहिल्या.

आता मुख्य मुद्दा. पासिंगची रेघ इतकी खाली आहे की ट्रेनिंगवालेही आयसी-३८ चं पुस्तक बाजूला ठेवायला सांगतात. आमच्या ट्रेनरने व्हॉट्सअ‍ॅपवर प्रश्नोत्तरांची यादी टाकली आणि 'एवढं पाठ करा, निघाल' असं सांगितलं. यादी पाठ करून माणूस पास होतो हे खरं आहे. पण लोकांच्या घरी बसून प्रस्ताव अर्ज भरायची वेळ येते तेव्हा त्या यादीतलं काहीही आठवत नाही, आणि आठवलं तरी उपयोगाचं नसतं. मी पुस्तक दोनदा वाचून काढलं होतं. पूर्ण परवाना-प्रक्रियेत सगळ्यात मोलाची गोष्ट कोणती असं मला विचारलंत तर मी त्या पुस्तकाकडेच बोट दाखवेन.

एक प्रसंग सांगते. वाशीच्या एपीएमसीत कांदा-बटाटा मार्केटला माथाडी कामगार असलेले एक काका, मूळचे साताऱ्याकडचे, त्यांना टर्म प्लॅन, म्हणजे ठरलेल्या मुदतीत मृत्यू झाला तरच घरच्यांना पैसे देणारा विमा, घ्यायचा होता. अर्जात तंबाखूचा प्रश्न आला. काका म्हणाले, "ताई, तंबाखूचं नका लिहू, हप्ता वाढतोय." अशा वेळी एजंटचा हात थबकतो, कारण हप्ता वाढला की माणूस उठून जातो. मी पेन खाली ठेवलं आणि त्यांना विमा कायद्याचं कलम ४५ समजावून सांगितलं. पॉलिसी सुरू झाल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा आला आणि महत्त्वाची माहिती लपवल्याचं निघालं, तर कंपनी दावा नाकारू शकते. तीन वर्षं उलटल्यावर पॉलिसीवर कोणत्याही कारणाने शंका घेता येत नाही. पण माणूस तीन वर्षं थांबून मरत नाही. आणि तेव्हा कंपनीच्या पत्राला उत्तर द्यायला काका नसतील, त्यांच्या मंडळी असतील. काका गप्प झाले. आतून त्यांच्या मंडळींनीच आवाज दिला, "खरं काय ते लिहा हो." आम्ही खरं लिहिलं, हप्ता वाढला, काकांनी तो मान्य केला. त्या घरातून मला पुढे आणखी तीन घरांचे नंबर मिळाले.

हे सगळं आयसी-३८ च्या पुस्तकात आहे. तसंच कलम ४१. ठाण्यात पॉलिसी विकायला गेलात की पहिल्या दहा मिनिटांत प्रश्न येतो, "पहिल्या हप्त्यातले किती परत देणार?" वर्षानुवर्षं कमिशन वाटून पॉलिसी विकल्यामुळे लोकांना तो हक्कच वाटतो. कायद्याने कमिशनमधून सूट देणं आणि घेणं दोन्ही मना आहे, दंड १० लाख रुपयांपर्यंत होऊ शकतो. मी हे शांतपणे सांगते. काही लोक दुसऱ्या एजंटकडे जातात. जाऊ द्या. जो राहतो तो दावा करायच्या वेळी तुम्हाला फोन करतो, आणि त्या फोनसाठीच हे काम आहे असं मला मनापासून वाटतं.

पुस्तकातली आणखी एक तरतूद मी फार वापरली. जांभळी नाक्यावरच्या एका दुकानदाराच्या डोक्यावर धंद्याचं कर्ज होतं. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेसंबंधीचा १८७४ चा एक कायदा आहे. त्याखाली पॉलिसी घेतली तर तिचे पैसे बायको-मुलांसाठी राखले जातात, सावकाराला किंवा बँकेला त्यावर हात टाकता येत नाही. मात्र हे प्रस्ताव भरतानाच नोंदवावं लागतं, नंतर जोडता येत नाही. दुकानदाराच्या जुन्या एजंटने त्याला हे कधीच सांगितलं नव्हतं.

पुस्तकाची एक उणीव मात्र ठळक आहे. नियम पुढे जातात, छापील प्रत मागे राहते. माझ्या प्रतीत पॉलिसी परत करण्याची मुदत, म्हणजे फ्री लूक, १५ दिवस होती. २०२४ पासून ती ३० दिवस आहे. आरोग्य विम्यात आधीपासूनच्या आजारांसाठी थांबण्याचा काळ चार वर्षांवरून जास्तीत जास्त तीन वर्षांवर आला. वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला. परीक्षेसाठी पुस्तक पाठ करा, पण ग्राहकासमोर बसण्याआधी हे आकडे ताजे करून घ्या.

बरेच जण विचारतात की पीओएसपी (पॉइंट ऑफ सेल्स पर्सन, म्हणजे फक्त साधे प्लॅन विकणारा विक्रेता) होणं सोपं आहे, तेच का नको? त्यात १५ तासांचं ट्रेनिंग आणि कंपनीचीच परीक्षा असते, काम लवकर सुरू होतं. पण आधीच ठरवून दिलेले साधे प्लॅनच विकता येतात. गाडीचा विमा, छोट्या पॉलिसी एवढंच करायचं असेल तर ते पुरतं. घराघरांत जाऊन कुटुंबाचा पूर्ण विमा बघायचा असेल तर एजन्सीच घ्या. एजंट म्हणून एक आयुर्विमा कंपनी, एक सर्वसाधारण विमा कंपनी आणि एक फक्त आरोग्य विम्याची कंपनी, अशा तिन्हींचं काम एकाच वेळी करता येतं. माझ्याकडे सध्या दोन आहेत.

पैशाचं स्पष्ट सांगते. पहिले काही महिने घरखर्च यावर अवलंबून ठेवू नका. खरं उत्पन्न नूतनीकरणाच्या कमिशनने हळूहळू उभं राहतं, म्हणजे ग्राहक दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी हप्ता भरतो तेव्हा. चुकीची पॉलिसी गळ्यात मारली तर तो हप्ता येतच नाही.

कंपनी निवडताना शाखेत जाऊन तिथल्या मॅनेजरला तीन गोष्टी विचारा. दाव्याच्या कागदपत्रांसाठी एजंटला शाखेतून कोण मदत करतं? टर्म प्लॅन विकला तर टार्गेटमध्ये धरतात का, की एंडोमेंट, म्हणजे मुदत संपल्यावर पैसे परत देणारी बचतीची पॉलिसीच, विकायचा आग्रह असतो? आणि पहिली पॉलिसी स्वतःची किंवा नातेवाइकांची काढायची सक्ती आहे का? शेवटच्या प्रश्नाला एका शाखेत मला 'सगळेच काढतात' असं उत्तर मिळालं, तिथून मी उठून आले. ही चौकशी पॅन देण्याआधीच करा. एकदा कोड लागला की त्याच प्रकारच्या दुसऱ्या कंपनीत जायला आधी जुन्या कंपनीकडून काम थांबवल्याचा दाखला घ्यावा लागतो आणि त्या तारखेपासून ९० दिवस नवीन कंपनी तुमची नेमणूक करू शकत नाही.