नियॉन माशांसाठी ‘तयार पाणी’ विकत घेताय? आधी हे वाचा

आधी आकडा सांगते, म्हणजे पुढचं नीट वाचाल. ४,२०० रुपये. वीस लिटरचे चार जार, ४५०ला एक. पाणी तपकिरी-ॲसिडिक करतो म्हणून विकल्या जाणाऱ्या ‘ब्लॅकवॉटर अर्का’च्या दोन बाटल्या, ६००ला एक. आणि ‘कंडिशन केलेल्या’, म्हणजे अंडी घालायला तयार केलेल्या, नियॉन टेट्रा माशांच्या दोन जोड्या, त्याही ६००च्या भावाने. हाती काय लागलं, तर पांढरी पडलेली अंडी. एकदा नाही, तीनदा.

नियॉन माझ्याकडे दोन वर्षांपासून आहेत. आम्ही पुण्यात राहतो. सोसायटीला थोडं पाणी महापालिकेचं, थोडं बोअरचं, उन्हाळ्यात टँकर. असल्या पाण्यातही माझे नियॉन मजेत आहेत. बाजारात येणारे नियॉन बहुतेक सगळे फार्ममध्ये वाढलेले असतात, ते बरंच चालवून घेतात. पण पिल्लं काढायची म्हटली की त्यांना आजोळ आठवतं. ॲमेझॉनच्या खोऱ्यातलं, पालापाचोळा मुरून चहासारखं झालेलं पाणी, ज्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम नावापुरतंच. हार्डनेस, म्हणजे पाण्याचा जडपणा, एक-दोन डिग्री, पीएच साडेपाच ते सहा. जड पाण्यात मादी अंडी घालते, पण ती फळत नाहीत. दिवसभरात पांढरी होतात आणि वर बुरशीचा कापूस धरतो.

हे सगळं मला वाचून ठाऊक होतं. तरी फसले, कारण समोरच्यालाही ते ठाऊक होतं.

दुकानदार बोलायला गोड. “ताई, मासे चांगलेत तुमचे, पाणी चुकतंय,” असं म्हणाला आणि आतून तपकिरी पाण्याचा जार घेऊन आला. आरओचं पाणी, त्यात बदामाच्या पानांचा अर्क, आठ दिवस मुरवलेलं. टीडीएसचा, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचा पेन काढला, “आधी मीटर चेक करून घेतो” म्हणत शेजारच्या ग्लासात बुडवला, मग जारमध्ये. आकडा २८. मी खूश होऊन फोटो काढला. पीएचसाठी जारमधलं पाणी छोट्या नळीत घेऊन तीन थेंब टाकले. पिवळं झालं. “बघा, ॲसिडिक.” बिलाचं विचारलं तर म्हणाला, पाण्याचं कसलं बिल? पैसे जीपेने दिले, तेही त्याच्या भाच्याच्या नंबरवर.

घरी सगळं नियमाने केलं. वेगळी छोटी टाकी, तळाशी हिरव्या लोकरीचा गोंडा, चारही बाजूंनी वर्तमानपत्र, कारण नियॉनच्या अंड्यांना उजेड सोसत नाही. संध्याकाळी जोडी सोडली. दुसऱ्या सकाळी टॉर्च तिरका धरून पाहिलं तर गोंड्यावर साबुदाण्याच्या कणीएवढे थेंब चिकटलेले. मोठे मासे लगेच बाहेर काढले, नाहीतर स्वतःचीच अंडी खातात. चोवीस तासांत पिल्लं फुटायला हवीत. संध्याकाळपर्यंत सगळे थेंब दुधाळ. दुकानदार म्हणाला, अर्क कमी पडला असेल. बाटली घेतली. पुन्हा तेच. मग म्हणाला, नर कच्चा आहे. दुसरी जोडी घेतली, त्यातले दोघंही नर निघाले. तिसऱ्यांदा पहिलीच जोडी, नवा जार, दुसरी बाटली, आणि पुन्हा पांढरी अंडी.

उलगडा केला सासूबाईंनी. जारच्या तळाला उरलेलं दोनेक लिटर पाणी मी बाल्कनीत बादलीत ओतून ठेवलं होतं. झाडांना घालू म्हटलं. त्यांनी मातीचे हात त्यात धुतले आणि साबण चोळत राहिल्या. फेस येईना, नुसती दह्यासारखी साय हाताला चिकटत होती. “अगं, हे तर बोअरचं पाणी. यात डाळ शिजायची नाही.” त्यांचं माहेर बीडकडचं, आयुष्यभर असलं पाणी शेंदलेलं. जार उपडा केला तर तळाशी काळपट भुकटी बसलेली. त्यांनी चिमटीत धरून नाकाशी नेली आणि हसायलाच लागल्या. चहाची डस्ट!

त्याच रात्री स्वतःचा मीटर आणि हार्डनेसचं किट मागवलं. आमच्या नळाच्या पाण्याचा टीडीएस ३८०. स्वयंपाकघरातल्या आरओचं ३५. दुकानातल्या जारचं ६४०! म्हणजे ४५० रुपये मोजून मी नळापेक्षा वाईट पाणी रिक्षाने घरी आणत होते. हार्डनेसच्या किटमध्ये एक थेंब म्हणजे एक डिग्री. एकविसाव्या थेंबाला रंग पालटला.

मग दुकानात २८ कसे आले? तो फोटो काढून मोठा करून पाहिला. स्क्रीनच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘होल्ड’. या पेनांवर ते बटण असतं, दाबलं की आकडा गोठतो. ग्लासातल्या आरओ पाण्याचा आकडा त्याने गोठवला आणि तोच मला जारमध्ये दाखवला. पीएचची गंमत तर त्याहून साधी. त्या किटमधलं द्रव्य आम्ल पाण्यात पिवळं, सातला हिरवं आणि त्यावर निळं दिसतं. पण पाणीच आधी चहाच्या रंगाचं असेल तर हिरवा काय कळणार! गडद पाण्याला थेंबांचं किट वापरायचंच नाही, पीएचचा डिजिटल पेन हवा. आणि समजा त्याने ॲसिड घालून पीएच खरंच उतरवला असता, तरी बोअरच्या पाण्यातले कार्बोनेट ते ॲसिड गिळतात आणि पीएच पुन्हा वर चढतो. हार्डनेस तर ॲसिडने तसूभरही कमी होत नाही.

मीटर घेऊन दुकानात गेले. “तुमच्या टाकीत गेल्यावर पाणी बदललं असेल,” म्हणाला. त्याच्याच न उघडलेल्या जारमध्ये पेन बुडवते म्हटलं, तर सील फोडलं की जार घ्यावा लागेल. बाकीची गिऱ्हाइकं बघायला लागली तेव्हा एक बाटली फुकट देऊ केली. पैसे मिळाले नाहीत. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ला फोन करावा तर पुरावा म्हणून दाखवायला काय, भाच्याचं जीपे?

आता करते ते सांगते, फार काही नाही. आरओचं पाणी मीटरने तपासून घेते, कारण घरच्या आरओमध्ये बऱ्याचदा थोडं कच्चं पाणी मिसळायची सोय असते आणि आकडा वर गेलेला असतो. सोसायटीच्या गेटपाशी देशी बदामाचं झाड आहे. गळून वाळलेली लाल-तपकिरी पानं वॉचमनकाका पिशवीत भरून ठेवतात. धुऊन, उकळून ते पाणी गार करून टाकीत घालते. जड पाण्यात ही पानं कितीही घाला, रंग येतो, पीएच हलत नाही. मऊ पाण्यात दोन-चार दिवसांत फरक दिसतो. परवाच्या खेपेला भिंगातून मोजली, अकरा पिल्लं. टाचणीच्या टोकाला शेपूट फुटावं तशी.

ज्यांना मीटर घ्यायचा नाही त्यांनी तयार पाण्याचे दोन चमचे स्टीलच्या ताटलीत घालून उन्हात ठेवावेत. पाणी उडून गेल्यावर पांढरं कडं उरलं, तर त्यात क्षार भरपूर. आमच्या ग्रुपमधल्या एकाने त्याच दुकानातून दोन जार आणलेत असं कळलं, त्यालाही हेच सांगितलं. काल दुपारी त्याने ताटलीचा फोटो पाठवला. खाली एक शब्द नाही, नुसतं पांढरं कडं.